गाजराला दरवर्षी फाटे फुटतात? बियाणं बदलायच्या आधी पट्टी घेऊन मोजा

दर जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, मला कोणाचा ना कोणाचा फोटो येतोच. दोन पायांचं गाजर, तीन पायांचं गाजर, कधी एकमेकांना गुंडाळलेली दोन, आणि खाली एकच प्रश्न, ताई बियाणं खराब निघालं का हो. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

मी नागपुरात वर्धा रोडच्या बाजूला राहते, घराला लागून छोटा रिकामा प्लॉट आहे, माती काळी, अस्सल काळी, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. या मातीत मी सलग चार हिवाळे गाजर लावलं, चारही वेळा फाटे फुटले आणि चारही वेळा मी बियाण्याचं पाकीट बदललं. देशी लाल लावून पाहिलं, नॅन्टिस लावून पाहिलं, कुरोडा लावून पाहिलं. पाचव्या वर्षी बियाणं तेच ठेवलं, वाफा बदलला, आणि गाजरं सरळ आली. त्यामुळे पाकिटाला दोष देणाऱ्या प्रत्येकाला मला थांबवावंसं वाटतं, कारण त्यात पैसे जातातच पण एक अख्खा हिवाळा जातो आणि आपल्याकडे गाजराला वर्षात एकच हिवाळा मिळतो.

आधी जमिनीखाली काय होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं घरगुती उपायांसारखं वाटेल. आपण खातो ते सोटमूळ. बी उगवल्यावर पहिले तीन-चार आठवडे वर काहीच होत नाहीये असं वाटतं, दोन बारीक लांबट पानं, मग कोथिंबिरीच्या जातीतलं वाटावं असं एखादं कातरलेलं पान, बस. (ते वाटणं बरोबरच आहे, गाजर, कोथिंबीर, शेपू, जिरं, ओवा, बडीशेप सगळी एकाच कुळातली.) पण त्याच दिवसांत खाली मूळ दोऱ्यासारखं बारीक राहून सरळ खाली जात असतं. आधी लांबी, मग जाडी. तीन-चार खरी पानं येईपर्यंत गाजर किती लांब होणार ते बरंचसं ठरलेलं असतं, नंतर ते फुगतं. आता या पहिल्या दिवसांत मुळाचं ते टाचणीएवढं टोक ढेकळाला अडलं, खड्यावर आपटलं, कुजलं, कच्च्या खतात भाजलं, तर रोप मरत नाही, बाजूची दोन-तीन उपमुळं टोकाचं काम हातात घेतात आणि मग तीही जाड होत जातात. झाला फाटा. म्हणजे दिसतो जानेवारीत पण घडलेला असतो नोव्हेंबरात, आणि म्हणूनच डिसेंबरात तुम्ही कितीही खत-पाणी-औषध केलं तरी त्या पिकाचा फाटा काही मिटत नाही.

मला हे खरं पटलं ते रानगाजराबद्दल वाचल्यावर. रानगाजर आणि आपलं गाजर एकच प्रजाती आहे, डॉकस कॅरोटा, दोघांचा संकर सहज होतो. पण रानगाजराचं मूळ पांढरट, बारीक, लाकडासारखं चिवट आणि बऱ्याचदा फाटे असलेलं. त्याला जाड व्हायची घाई नाही, दगडधोंड्यांतून वाट काढून पुढच्या वर्षी फुलायचं एवढंच काम. साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वी मध्य आशियात, आजच्या इराण-अफगाणिस्तानच्या पट्ट्यात, लोकांनी त्यातून जाड मुळाची झाडं निवडायला सुरुवात केली, तेव्हाची गाजरं जांभळी आणि पिवळी होती, केशरी गाजर युरोपात १६व्या-१७व्या शतकात पुढे आलं. २०१६ मध्ये गाजराचा पूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, गुणसूत्रांच्या ९ जोड्या आणि सुमारे ३२,००० जनुकं, आणि त्यातूनही मध्य आशियाच मूळ ठिकाण म्हणून पुढे आलं. म्हणजे सरळ, गुळगुळीत, गोड मूळ ही माणसांनी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून आणलेली गोष्ट आहे, आणि ती पोकळ मोकळ्या मातीच्या जिवावर टिकते. अडचण आली की त्याला फाटे फोडायची जुनी सवय आठवते.

आता तपासायचं कसं. फाटलेली दहा-बारा गाजरं उपटा, एकदोन नको, दहा-बारा. धुवा. शाळेची पट्टी घ्या आणि वरच्या खांद्यापासून फाटा जिथं सुरू होतो तिथपर्यंत किती सेंटीमीटर ते प्रत्येकाचं लिहा.

सगळ्या गाजरांत फाटा जवळपास एकाच खोलीवर असेल तर खाली कडक थर आहे, दुसरं काही शोधत बसू नका. फाटे कुठंही, कमीजास्त खोलीवर, तर ढेकळं, खडे, विटांचे तुकडे. फाटा अगदी वरच, दोन-तीन सेंटीमीटरवर, तर टोक फार लवकर गेलंय, म्हणजे एकतर रोपं उपटून दुसरीकडे लावली किंवा वाफ्यात कच्चं शेणखत होतं किंवा सुरुवातीला पाणी साचून राहिलं. आणि फाट्याबरोबर बारीक मुळांवर गाठी दिसत असतील, मोहरीच्या दाण्याएवढ्या, कधी त्याहून मोठ्या, आणि वरची झाडं जागोजागी खुरटलेली असतील, तर ते सूत्रकृमीचं, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांचं काम, त्याबद्दल खाली लिहिते.

माझ्या वाफ्यात काय निघालं सांगते. चौथ्या वर्षी मी चौदा गाजरं मोजली. बहुतेकांत फाटा नऊ ते अकरा सेंटीमीटरवर. मी तो कागद घेऊन तशीच बसले होते कारण मला त्याचा अर्थच लागेना, मग कळमेश्वरकडचे माझे मामा आले होते, त्यांनी कागद बघितला, माझं फावडं हातात घेतलं, पातं वाफ्यात दाबलं आणि म्हणाले, "पोरी, तू एवढंच खणून राहिली ना दरवर्षी, खालचा थर तर तसाच पडून आहे." त्यांनी मग सब्बल घातली तर दहा-बारा सेंटीमीटरखाली माती अशी घट्ट की सब्बलचं टोक टणकन वाजलं. घर बांधताना त्या प्लॉटवर गिट्टी-रेतीचे ट्रक उभे राहायचे, ते मला माहीत होतं पण कधी जोडून पाहिलं नव्हतं. चार वर्षं मी वरचा जेमतेम अर्ध्या वितीचा थर छान भुसभुशीत करत होते आणि प्रत्येक गाजर त्याच एका तळावर जाऊन अडत होतं.

काळ्या मातीचं हे लक्षात ठेवा. तिच्यात जी चिकणमाती असते ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. कापसाला, तुरीला, संत्र्याच्या काही जमिनींना हे चालून जातं, ओलावा धरून ठेवते म्हणून उलट चांगलंच. गाजराला नाही चालत, कारण ओली असताना हवा नाही आणि वाळल्यावर विटेसारखी. आणि ओल्या काळ्या मातीवर पाय पडला, फावडं चाललं की ती अजून दाबली जाते. म्हणून वापसा आल्याशिवाय, म्हणजे मुठीत दाबलेला गोळा बोटाने सहज फुटेल इतकी ती सुकल्याशिवाय, तिला हातच लावायचा नाही.

रेतीबद्दल एक सावधगिरी, कारण सगळे हाच सल्ला देतात आणि मीही ऐकला होता. दुसऱ्या वर्षी मी कन्हानची रेती दोन पोती आणून वाफ्यात मिसळली. माती आधीपेक्षा कडक झाली. चिकणमातीत थोडीशी रेती टाकली की रेतीच्या कणांमधली जागा चिकणमाती भरून टाकते आणि वाळल्यावर काँक्रीटसारखं होतं. रेती टाकायचीच तर निम्म्याच्या आसपास लागते, आणि एवढी रेती एखाद्या लहान वाफ्यापुरतीच परवडते, अख्ख्या प्लॉटला नाही.

मग मी काय केलं तर खाली जाण्याऐवजी वर गेले. जुन्या जमिनीवर सब्बलने खालचा थर जागोजागी फोडला, तो बाहेर काढला नाही, नुसता फोडला. त्यावर गादीवाफा केला, एक फूट उंच, तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यायची वेळच येत नाही. मिश्रण निम्मी रेती, पाव भाग चाळलेली तीच काळी माती, पाव भाग वर्षभर जुनं, हाताला मातीसारखं लागणारं कंपोस्ट. सगळं मुरूम चाळायच्या चाळणीतून काढलं, हे कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस गेले, पण यात चालढकल केली की जानेवारीत तो एकेक खडा आपला हिशोब देतो. ज्यांना शेतात मोठ्यावर करायचंय त्यांनी सरी-वरंब्यावरच पेरावं, वरंब्याची उंची तुम्हाला तेवढी मोकळी माती देते. गच्चीवाल्यांनी पेंटची वीस लिटरची बादली घ्यावी, खाली भोकं पाडून, कुंडी मात्र एक फुटापेक्षा उथळ नको.

आणि जात निवडताना लांबीचा विचार करा. काळ्या मातीत लांब देशी लाल गाजराचा हट्ट धरू नका, आखूड, वरून जाड खालून निमुळती शॅन्टने प्रकारची किंवा कुरोडा, नाहीतर बोथट टोकाची अर्धलांब नॅन्टिस लावा. हलव्याला रंग हवा म्हणून लाल लावायचं असेल तर पुसा रुधिरा आहे, पण तिला खोल वाफा द्या.

शेणखताचं. गाजराच्या वाफ्यात त्याच हंगामात ताजं शेण, अर्धवट कुजलेलं खत, कोंबडीखत, काही म्हणजे काही टाकू नका. खत आधीच्या पिकाला टाकायचं आणि गाजराने त्याचं उरलेलं खायचं. जास्त नत्र मिळालं की पाला गुडघ्याएवढा आणि खाली केसाळ, फाटलेलं मूळ. युरियाही हातचा राखूनच.

आधीच्या पिकावरून सूत्रकृमीचं आठवलं. गाठी दिसल्या असतील तर आठवून पाहा तिथं त्याआधी काय होतं, टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्यावर ही कीड जोरात वाढते आणि मातीत राहते. त्या जागी लगेच गाजर नको. मी आता पावसाळ्यात तिथं झेंडू लावते, दसऱ्याला फुलं तोडली की झाडं तिथंच बारीक कापून मातीत मिसळते आणि दोन-तीन आठवडे कुजू देऊन मग गाजर पेरते. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी सूत्रकृमी कमी होतात, हे शेतकऱ्यांना जुनं माहीत आहे, आणि आपल्याकडे दसऱ्याचा झेंडू आणि गाजराची पेरणी इतकी लागून येते की मुद्दाम वेगळं काही करावंच लागत नाही.

आता पेरणी, कारण अर्ध्या लोकांची तक्रार फाट्यापर्यंत पोचतच नाही, त्यांचं उगवतच नाही. ऑक्टोबर हीटमध्ये पेरू नका. दुपारी मातीचा वरचा थर तापतो आणि गाजराला उगवायला २०-२५ अंश आवडतं. रात्री पांघरूण घ्यावंसं वाटायला लागलं की पेरा, आपल्याकडे ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य. बी म्हणून जे पाकिटात असतं ते खरं तर फळाचा अर्धा तुकडा आहे, त्यावर काटे असतात (पाकीटवाले बहुतेक घासून काढतात), आणि आतला गर्भ एवढासा असतो की बाहेर यायच्या आधी त्याला आतल्या आत वाढावं लागतं, म्हणून मुळा चार-पाच दिवसांत दिसतो आणि गाजर दहा ते पंधरा दिवस घेतं. एवढे दिवस वरचा एक सेंटीमीटर थर सतत ओला हवा. काळी माती एका उन्हात वर पापुद्रा धरते आणि तो कोवळा अंकुर त्याखालीच वाकून मरतो. मी ओळीवर मातीऐवजी चाळलेलं कंपोस्ट झाकते, अगदी पातळ, आणि वर ओलं गोणपाट अंथरते, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी, आणि आठव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून बघते. पहिला हिरवा धागा दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, एक दिवसही उशीर नको. ओळीत मधेमधे चार मुळ्याचे दाणे टाकले तर ते पापुद्रा फोडतात आणि ओळ कुठं आहे तेही कळतं. बी दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ओल्या कागदात वीस दाणे ठेवून आधी बघून घ्या.

इथं एक नागपुरी, किंबहुना महाराष्ट्रभरचा घोळ सांगायलाच हवा. गाजर गवत. आपल्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे, आणि रोप लहान असताना पान इतकं गाजरासारखं की माझ्या जाऊबाईंनी एकदा प्रेमाने अख्खी ओळ निंदून टाकली होती, गाजराची, गवत तसंच ठेवून. काही जण त्याला रानगाजर समजतात, तेही चूक. गाजर गवताचा गाजराशी काही संबंध नाही, ते सूर्यफुलाच्या कुळातलं, उष्ण अमेरिकेतून आलेलं, भारतात १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. ओळखायचं असं, गाजराची पहिली दोन पानं गवताच्या काडीसारखी लांबट अरुंद असतात, गाजर गवताची छोटी गोलसर. गाजर गवत जमिनीला चिकटून चक्राकार पसरतं आणि पानावर लव लागते. तरी शंका असेल तर पान चुरगळून वास घ्या, गाजराचा वास लपत नाही, पण हातमोजा घालून, कारण गाजर गवताने बऱ्याच जणांच्या अंगावर खाज उठते, काहींना दम्याचाही त्रास होतो. फुलायच्या आधी उपटा.

विरळणी. दोन रोपांत पाच-सहा सेंटीमीटर अंतर ठेवा, आणि जादा रोपं ओढून काढण्यापेक्षा कात्रीने कापा, ओढताना शेजारच्याचं मूळ हलतं आणि परत तेच फाट्याचं रडगाणं. उपटलेली रोपं दुसरीकडे लावायचा मोह होतो, मलाही व्हायचा, जीव होतो ना तो. पण लावलेलं गाजर फाटणारच, कारण उपटतानाच टोक तुटलेलं असतं.

बाकीच्या तक्रारी पटापट. उभं तडकणं म्हणजे आठ दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं. खांदा हिरवा म्हणजे ऊन लागलं, मातीची भर द्या. रंग फिका म्हणजे उशिरा पेरलं आणि गाजर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पोसलं गेलं, रंग १५-२० अंशाला छान भरतो.

फुलदांडा मात्र थोडा सविस्तर. गाजर दोन वर्षांचं झाड आहे, पहिल्या वर्षी मूळ, मग थंडी, मग फूल. नॅन्टिससारख्या युरोपी जातींना कित्येक आठवडे कडक थंडी लागते, म्हणून त्यांचं बियाणं कुलूसारख्या डोंगराळ भागात तयार होतं, नागपूरच्या थंडीत त्या सहसा फुलत नाहीत. देशी लाल जातींना थोडक्या थंडीतच भागतं, जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा चांगला घसरला आणि फेब्रुवारीत ऊन तापलं की त्या दांडा काढतात, आणि दांडा निघाला की आतला गाभा लाकूड होतो. म्हणून देशी गाजर संक्रांतीपासून काढायला घ्या, भोगीच्या भाजीपासूनच सुरुवात करा, महिनाभरात संपवा. बियाणं घरचं धरायचं असेल तर सगळ्यांत आधी दांडा काढणाऱ्या झाडाचं धरू नका, ते झाड रानगाजराच्या दिशेने चाललंय, त्याची पोरं अजून लवकर फुलतील. सरळ, मोठं आणि उशिरा फुललेलं निवडा. एखादं झाड फुलू द्याच पण, पांढऱ्या छत्र्या उमलतात, मधमाश्या, माश्या, भुंगेरे सगळे येतात, आणि बी धरल्यावर छत्री आत वळून पक्ष्याच्या घरट्यासारखी होते. रानगाजराची छत्रीही अशीच मिटते.

यंदा कोणाला फोटो पाठवायचा असेल तर गाजर धुऊन, शेजारी पट्टी ठेवून, फाटा कुठून सुरू झाला ते दिसेल असा काढा, दहा-बारा गाजरांचे आकडे सोबत लिहा, आणि त्या जागी पावसाळ्यात काय लावलं होतं आणि खत कधी टाकलं होतं तेही.